मार्गे आंधळी

दहिवडी स्टँडच्या चौकशी खिडकीत बसून
लॉगशीटच्या कोऱ्या पाठींवर
तीन वर्षं झाली, मी एक राज्य वसवते आहे.
सात किल्ले उभे राहिलेत. चंद्र दोन,
त्यातला एक पोचा आलेला.
नावं तेवढी येत नव्हती.

सुरुवातीला बाहेरून मागवली.
थ, झ, र, क्स अशी अक्षरं
सोंगट्यांसारखी खुळखुळून टेबलावर टाकायचे.
झॅरथॉर निघायचा, एल्थ्रिन निघायची,
आणि माझीच जीभ
नव्या पाहुण्यासारखी उंबऱ्यात अवघडून उभी राहायची.
या झॅरथॉरला तहान लागली
तर तो पाणी कोणत्या शब्दानं मागेल?
मला सुचेना. तो तसाच मेला,
पान बारावर.

मग एका दुपारी, अडीचची गाडी चाळीस मिनिटं लेट,
मी माइकवर रोजचंच बोलत होते,
कुळकजाई, कुळकजाईला जाणारी गाडी,
आणि मधेच थांबले.
कुळकजाई.
हे कुणी ठेवलं? किती रात्री जागून?
जिथं एक नदी पहिल्यांदा डोळे उघडते
तिथं शोभेल असं नाव
माझ्या तोंडात होतं इतकी वर्षं,
आणि मी त्याला
फलाट क्रमांक तीन चिकटवत होते.

तेव्हापासून कान सैल सोडलेत.
कुकुडवाडात पहाट विकत मिळते, मापानं.
निमसोड नावाचा एक कैदी आहे,
त्याला अर्धाच सोडलाय.
ललगुण राजकन्या. तिच्यात धड एक गुण नाही,
पण घोड्यावर बसली की कुणाच्या बापाला ऐकत नाही.
आणि सैन्यानं डोंगर कुठून ओलांडायचा
हे मला शोधावंच लागलं नाही,
बोर्डावर पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं :
मार्गे आंधळी.

समोरच्या कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर
पेंडीमेथॅलिन वाचलं आणि अंगावर काटा आला.
लांब मानेची, गार बोटांची राणी!
तणनाशक निघालं.
असू दे म्हटलं.
ती चालून जाते तिथं गवत उगवत नाही,
एवढं कथेत ठेवलं.

काळ्या सेनापतीला डिस्कळ म्हणायचं ठरवलं होतं.
वाजतं कसं बघा, पत्र्यावर पातं ओढल्यासारखं.
खाडे कंडक्टरनं चहा निवेपर्यंत वाचलं, म्हणाला,
'मॅडम, डिस्कळ माझी सासुरवाडी.
मेव्हणे लई गरीब स्वभावाचे. जरा बघा की.'
बघितलं.
सेनापती आता बिननावाचा हिंडतो,
आणि खरं सांगू,
आधीपेक्षा जास्त भीती वाटते त्याची.

नायिकेपाशी मात्र पेन अडतं.

मी जन्मले तेव्हा घरात आधी तीन मुली होत्या,
म्हणून माझं नाव शोधायला कुणी बसलं नाही.
नकुसा.
हाक मारली की अर्थ आपोआप पोचायचा.
मग सहावीत असताना एका मंडपात
आम्हा सगळ्या नकुसांना रांगेत उभं केलं,
आवडतं नाव सांगा म्हणाले, आजपासून तेच.
माझ्या पुढच्या तिघींनी पूजा सांगितलं.
मी घाबरून वर बघितलं,
कनातीवर छापलं होतं, शर्वरी मंडप डेकोरेटर्स.
शर्वरी, म्हणाले मी.
टाळ्या पडल्या. पेढा मिळाला.
तिचा अर्थ रात्र, हे दहावीत कळलं. चाललं.

पण जुन्याचं काय करायचं
ते त्या मंडपात कुणीच सांगितलं नव्हतं.
ते आलं माझ्या मागं मागं, चप्पल नसलेल्या पोरासारखं,
इथं खिडकीखाली बसून असतं.

राज्याची भाषा मीच करते आहे.
कोशाची वेगळी वही घातलीय.
काल 'न'च्या पानावर पहिला शब्द लिहिला, नकुसा,
आणि पुढं अर्थाची जागा.
ज्योत. खोडलं, फार गोड झालं.
वीज. खोडलं, सगळेच म्हणतात.
तलवार. तिला उचलणारा हात परत दुसऱ्याचाच.
खोडलं.

'ओ मॅडम, म्हसवड गेली का?'
थांबलीय, म्हटलं, पळा,
आणि पेन हातात होतं म्हणून लिहिलं :
जिच्यासाठी गाडी थांबवून ठेवतात, ती.

हे अजून खोडलेलं नाही.